डावीकडची जोडी

कौसल्याने डाव्या हातातल्या चिमट्याने माशीच्या पोटाचं शेवटचं टोक धरलं, श्वास रोखला आणि ओढलं. मिठाच्या पाण्याच्या थेंबात आधी अंडी घालायची नळी सरकून आली, मग पांढुरकी अंडवाहिनी, आणि शेवटी अंड्यांनी टच्च भरलेली दोन्ही अंडाशयं. एकही धागा तुटला नाही. हे सगळं काचेवर टेकायच्या आत तिने मनगटाला एक छोटी गिरकी दिली. पसारा थेंबात अलगद पालथा झाला आणि नळ्या आपोआप सुट्या झाल्या.

"पाहिलं?" भोवती वाकलेल्या एम.एस्सी.च्या मुलांना तिने विचारलं. "ओढायचं आणि पलटवायचं. नाही पलटवलं, तर नळ्यांचा गुंता झालाच म्हणून समजा."

मुलांनी एकेक करून मायक्रोस्कोपला डोळा लावला. अंडवाहिनीच्या डाव्या अंगाला दोन काळे मणी एकमेकांना खेटून बसले होते, उजव्या अंगाला तिसरा एकटाच. या जातीची मादी नराचं बीज या तीन कुप्यांत साठवते आणि अंडी घालायची वेळ येईल तसं त्यातलं थोडं थोडं वापरते. पुस्तकात त्यांना भलंमोठं नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे मणीच म्हणत. प्रयोगशाळेचा शिपाई रुपराव कन्हानच्या गोठाणातून या शेणावरच्या माश्या पकडून आणायचा. तो म्हणायचा, "माशीले बी काळे मणी हायेत बाई, तुम्हीच तेवढ्या राहिल्या." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर कौसल्याने त्याला उभं राहू दिलं नसतं. रुपरावचं ती हसण्यावारी न्यायची, कारण चौदा वर्षांपूर्वी दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागले होते.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि व्हरांड्यात सरांच्या चपला वाजल्या.

विभागप्रमुख मनोहरराव पांढरीपांडे रोज चारला प्रयोगशाळेत येत. येत ते थेट कौसल्याच्या टेबलाशी. चष्मा कपाळावर सारून तिच्या मायक्रोस्कोपमध्ये डोकावत आणि खरंच काही चांगलं दिसलं तर म्हणत, "वा." बस, एवढंच. सर कौतुकाच्या बाबतीत महा कंजूष. त्या एका अक्षरावर कौसल्याने चौदा वर्षं काढली होती.

आज सर आले, तिच्या टेबलावरून आणि मुलांच्या घोळक्यावरून पुढे गेले, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी थांबले. चष्मा कपाळावर गेला.

"वा," सर म्हणाले.

कौसल्याच्या चिमट्यात अंडाशय होतं. ते फुटलं आणि अंडी थेंबभर पसरली.

खिडकीजवळचं टेबल देवकी मेश्रामचं होतं. जुलैत ती संशोधनाला लागली, आणि आता नोव्हेंबर चालू होता. तिचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला. ती तिथल्या वसाहतीतून सकाळच्या बसने यायची आणि साडीवरची राख झटकून मगच आत पाऊल टाकायची. बोलणं कमी. कॅमेरा ल्युसिडाच्या काचेतून माशी आणि कागद एकदम दिसतात. देवकी त्यातून बघत पेन्सिल टेकवायची आणि रेघ संपेपर्यंत उचलायची नाही. इतर मुलं खोडरबराने कागदाला भोकं पाडत असताना हिच्या टेबलावर खोडरबरच नसायचं.

कौसल्याला तिचा हेवा वाटत होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. ती स्वतः त्याला शिस्त म्हणायची. शिस्तीपायी तिने देवकीला स्क्रू अडकणारा मायक्रोस्कोप दिला होता आणि कोपरे उडालेल्या काचा दिल्या होत्या. एकदा तर रुपरावने आणलेल्या माश्यांमधल्या रोडक्या तेवढ्या वेचून तिच्या पिंजऱ्यात सोडल्या होत्या. देवकीने त्या रोडक्या माश्यांचीच अशी काही चित्रं काढली की कौसल्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आणि देवकी पलटवत नव्हती. या एका गोष्टीवर कौसल्याला उघडपणे रागावता यायचं.

"पलटव वं. किती वेळा सांगू?"

"हो ताई."

"हो ताई म्हणते अन् तशीच ठेवते."

"हात नाही वळत ताई, माहा. उजव्या हातानं नाही जमत तसं."

तेवढं ऐकलं की कौसल्याला बरं वाटायचं. ती गिरकी तिच्या डाव्या हाताची होती. काटोलकडच्या गावी, लहानपणी, पंगतीत डाव्या हाताने वाढलं म्हणून आईने त्या हातावर उलथनं मारलं होतं. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून लिहायला उजवा हात लावला. तेव्हापासून डावा हात चारचौघांत पाठीमागे लपायचा, आणि साडी नेसायला लागल्यावर पदराखाली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती एकटी असताना डाव्या हाताने माशी उघडत होती आणि सर केव्हा येऊन मागे उभे राहिले ते तिला कळलं नाही. तिने हात पदराखाली ओढून घेतला. सर म्हणाले, "अहो, लपवता काय? हा हात सांभाळा, कौसल्याबाई." त्या दिवसापासून हात बाहेर आला तो आलाच. पुढे सगळा विभाग तिच्याकडून ती गिरकी शिकला, जमेल तशी.

सर देवकीच्या टेबलाशी बराच वेळ होते. मग मुलं पांगल्यावर कौसल्याकडे आले.

"कौसल्याबाई, पुस्तकातला मोठा चित्रफलक देवकीच्या हातचा घेऊ. रेघ स्वच्छ आहे तिची."

मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. या एका माशीवर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं आणि आता तिचं पुस्तक छापायला निघालं होतं. त्यातला सगळ्यात मोठा फलक मादीच्या जननेंद्रियांचा, पान उलगडून बघायचा. त्याच्याखाली चित्रकाराचं नाव येणार होतं. सरांच्या आजवरच्या निबंधांत कौसल्याचं नाव शेवटच्या ओळीत, आभारांत यायचं. चित्रांच्या कोपऱ्यात ती मुंगीएवढ्या अक्षरांत 'कौ. डां.', म्हणजे कौसल्या डांगरे, असं लिहायची, तेही बऱ्याचदा छपाईत उडायचं. या फलकाची वाट ती पाच वर्षं बघत होती.

"हो सर," ती म्हणाली.

"सोमवारी संध्याकाळी छपाईच्या ब्लॉकवाल्याकडे द्यायचाय. तुम्ही तपासून मागे सही करून ठेवा. तुमचं समाधान झालं की माझं झालं."

"हो सर."

सर गेल्यावर ती खिडकीशी गेली. देवकी उभी राहिली.

"अभिनंदन वं," कौसल्या म्हणाली. "चहा पाजशील न?"

पोटात एक आणि ओठात एक म्हणतात ते हेच. देवकीने लाजून मान हलवली आणि खरोखरच चहा सांगायला गेली. रुपराव पिंजरे पुसत होता. त्याने कौसल्याकडे बघितलं.

"चेहरा काहून उतरला बाई?"

"माश्यांचं ईथर लागलं जरासं."

"चौदा वर्षांत नाही लागलं, आज लागलं," रुपराव म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला.

शनिवारी अर्धा दिवस. एक वाजता सगळे गेले. कौसल्याने दार लोटून घेतलं, देवकीची फाइल टेबलावर ठेवली आणि तांबड्या पेन्सिलीला टोक केलं. समाधान झालं की सही करा, असं सर म्हणाले होते. समाधान करून घ्यायचा तिचा बेत नव्हता. तिला चूक हवी होती, एक तरी. फलकावर एक तांबडी खूण हवी होती, म्हणजे सोमवारी शांत आवाजात सांगता आलं असतं, "सर, पोरगी हुशार आहे, पण अजून थोडी कच्ची आहे."

चूक सापडेना. तिने अंडाशयातल्या नळ्या मोजल्या. बरोबर होत्या. अंडवाहिनीची जाडी, घडी घालून आत जाणाऱ्या नळीचे सांधे, तिच्या टोकावरचे केससुद्धा देवकीने मोजून काढले होते. मण्यांची जोडी डावीकडे, एकटा उजवीकडे. पेन्सिल तशीच राहिली. मग तिची नजर मण्यांच्या खालच्या दोन लांबट ग्रंथींवर गेली. देवकीने त्या बऱ्याच वर काढल्या होत्या. वरच होत्या का त्या? बाहेर ओढून काढलं की ग्रंथी घसरतात. खऱ्या कुठे असतात ते बघायचं तर माशीचं पोट न ओढता, जागच्या जागी उघडावं लागतं. ते किचकट काम. कौसल्याने ते नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर कधी केलंच नव्हतं. ओढून काढायचा हात इतका बसल्यावर कोण करतंय?

देवकीची चूक काढायची म्हणून ती बसली. मेणाच्या थाळीत माशी पाठ वर करून टोचली, पाण्याने थाळी भरली आणि पाठीवरच्या पट्ट्या एकेक करून उचलल्या. चरबी बाजूला सारली. ग्रंथी वरच होत्या. देवकीचं तिथेही बरोबर होतं. कौसल्याने पेन्सिल खाली ठेवली, आणि मग तिचं लक्ष मण्यांकडे गेलं.

जोडी उजवीकडे होती.

असते एखादी माशी उलटी, ती मनाशी म्हणाली. दुसरी उघडली. जोडी उजवीकडे. तिसरीची उजवीकडे. मग तिने चहाही न घेता आणखी सहा उघडल्या. नऊच्या नऊ माश्यांची जोडी उजवीकडे आणि एकटा मणी डावीकडे.

तिला आधी झाला तो आनंद. देवकीचं चुकलं! फलकाच्या मधोमध, सगळ्यांत ठळक जागी चुकलं! तिने पेन्सिल उचलली, खूण करणार तोच समोरच्या भिंतीवर नजर गेली. तिथे मुलांना शिकवायचा मोठा तक्ता होता, दहा वर्षांपूर्वी तिनेच काढलेला. त्यावर जोडी डावीकडे होती, आणि कोपऱ्यात 'कौ. डां.'

तिने दहावी माशी घेतली. ओढली. हाताने सवयीने गिरकी दिली आणि तिने आज पहिल्यांदा ती गिरकी बघितली. पाठ खाली, पोट वर. पालथं घातलं की डावं ते उजवं होणार, हे चार वर्षांच्या पोराला कळेल. काचेखाली दाबल्यावर सगळंच पारदर्शक, वर काय नि खाली काय. चौदा वर्षं ती पोटाकडून बघत होती आणि चित्राखाली 'पाठीकडून' असं लिहीत होती. सरांचे तीन निबंध, हा तक्ता, शिकून गेलेली शंभर मुलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला बसली होती आणि हे मुसळ निघालं.

बाहेर बागेतल्या नळाचं पाणी आलं आणि गेलं. मग तिच्या डोक्यात आलं की देवकी तर पलटवत नाही. तिच्यावर रोज त्यासाठीच ओरडा बसतो. मग तिची जोडी डावीकडे कशी आली?

तिने फाइल उपडी केली. फलकाखाली कच्चे कागद होते, पेन्सिलीने काढलेले, तारखेवार. जुलै, ऑगस्ट. सगळ्यांवर जोडी उजवीकडे. एका कागदाच्या कोपऱ्यात देवकीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: '१४ ऑगस्ट. ताईंच्या चित्राच्या उलट येते. सरांना दाखवले.' त्यानंतरचे कागद अर्धपारदर्शक होते. जोडी डावीकडे यावी म्हणून ते पालथे घालून मागून शाई भरली होती.

सरांना दाखवले.

म्हणजे सरांना माहीत होतं. ऑगस्टपासून माहीत होतं. दोघांनी मिळून ठरवलं असणार की बाईला कळू द्यायचं नाही, बिचारीची चौदा वर्षं आहेत, सांभाळून घेऊ. त्या दिवशी खिडकीशी उभं राहून सर इतका वेळ जे बोलले ते हेच असणार. कौसल्याची कानशिलं तापली. तिच्या चुकीचं तिला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या दोघांनी तिच्यावर दया करावी याचं वाटलं. सरांचं एक गुपित होतं, ते तिच्याविषयीच होतं, आणि ते त्या पोरीजवळ होतं.

तिने फलक पालथा घातला आणि उजव्या हाताने मागे लिहिलं: 'तपासले. कौ. डांगरे.'

जाऊ दे छापून. खाली नाव देवकीचं येईल. परगावचा कुणीतरी हातात चिमटा धरता येणारा माणूस एक दिवस एक माशी उघडेल आणि फलकाखालचं नाव वाचेल. नाव तिचं, चूकही तिची. नवी पोरगी, पहिलंच काम आणि तेच उलटं, म्हणून पुढे तिला कुणी दारात उभं करणार नाही. एवढ्याने समाधान व्हायला हवं होतं. कौसल्याने थाळ्या धुतल्या, दहाही माश्या कागदात बांधून कचऱ्यात टाकल्या आणि कुलूप लावलं.

रविवारी धरमपेठेतल्या दोन खोल्यांत ती आईला जेवायला वाढत होती. प्रयागबाईला आता कमी दिसायचं, पण हात कुठला ते बरोबर दिसायचं.

"डाव्या हातानं नको वाढू वं. किती वर्षं सांगू तुले?"

"चौदा वर्षं याच हातानं जेवू घालून राहिली तुले," कौसल्या म्हणाली.

प्रयागबाईने ताट जवळ ओढलं. कौसल्याला लगेच वाईट वाटलं, पण तिने डाळभाजीचा डाव उजव्या हातात घेतला नाही. दिवसभर ती सरांना आणि देवकीला एकमेकांशी बोलताना बघत होती. दुपारी पडली तरी ते बोलत होते, संध्याकाळी दिवा लावला तरी बोलत होते. प्रत्येक वेळी बोलणं वेगळं असायचं आणि शेवटी दोघं तिच्या टेबलाकडे बघून हळू हसायचे.

सोमवारी साडेतीनला मुलं गेल्यावर देवकी तिच्या टेबलाशी आली.

"ताई, फलक पाह्यला?"

"पाह्यला. सही केली." कौसल्याने वर बघितलं नाही. "कच्चे कागद बी पाह्यले."

देवकीचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिने काढून घेतला.

"चौदा ऑगस्टचा पाह्यला," कौसल्या म्हणाली. "काय ठरवलं मंग तुम्ही दोघांनी? बाईले सांगायचं नाही? तिची कीव करायची?"

"कोणी ठरवलं ताई?"

"तू अन् सर."

"नाही वं ताई." देवकी इतकी दचकली की ताईंना तोंडावर 'वं' म्हणून गेली. "सरांनी तं कागद हातात बी नाही घेतला धड. मी म्हटलं, सर, जोडी उजवीकडे येऊन राहिली. मी पोट उघडून पाह्यलं, अकरा माश्यांचं. तं सर म्हणे..."

"काय म्हणे?"

"म्हणे, 'कौसल्याबाईंचा हात चुकत नाही. तुझंच काही उलटं झालं असेल. त्यांच्या चित्राशी जुळवून घे.' बस. मंग मी जुळवून घेतलं."

रुपराव पलीकडे पिंजऱ्यात दुधाची वाटी ठेवत होता.

"पुन्हा सांग," कौसल्या म्हणाली.

"काय?"

"सर जे म्हणे ते. पहिल्यापासून सांग, शब्द न् शब्द."

देवकीने पुन्हा सांगितलं. 'कौसल्याबाईंचा हात चुकत नाही.' कौसल्याने डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, पण देवकीला वाटलं की ताईंना अजून एकदा ऐकायचंय, म्हणून तिने आपणहूनच तेवढं एक वाक्य पुन्हा म्हटलं.

चार महिने ती ज्यासाठी जळत होती ते ऑगस्टमध्येच तिचं होतं. त्या पोरीला मिळालं होतं ते नुसतं 'वा'. हे मात्र चौदा वर्षांत सरांनी कौसल्याला कधी तोंडावर ऐकवलं नव्हतं. आणि ते चुकीवर उभं होतं. गप्प बसलं तर मार्चपर्यंत, मार्चनंतरही, सर हेच मानत राहतील. देवकी बोलणार नाही, तीन महिने बोलली नव्हती. चारला पंधरा मिनिटं होती आणि फलकामागे सही झालेली होती.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रोजच रागावून राहत होत्या, ताई," देवकी म्हणाली. "त्यात हे कुठून सांगू?"

कौसल्याने फाइल ओढली. फलक पालथा घातला, तांबडी पेन्सिल घेतली आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. मग देवकीचा ऑगस्टचा एक कागद काढून वर ठेवला.

"याच्यावर शाई भर. आजच्या आज. ब्लॉकवाल्याकडे उद्या जाईल."

"राहू द्या न ताई," देवकी हळू आवाजात म्हणाली. "सरांचे चार महिने राहिले. कोण पाहते एवढं? माहं नाव आहे खाली, तुमच्यावर काही येणार नाही."

"तेच म्हणते मी!" कौसल्या एकदम भडकली. "चूक माही आहे. चौदा वर्षांची आहे. ते तुह्या नावानं काहून छापू? फलक तुले गेला, टेबल खिडकीचं तुले गेलं, आता माही चूक बी तुलेच देऊ?"

पलीकडे रुपराव खाली मान घालून हसला की काय, ते कळलं नाही.

"तो माशीचा पिंजरा आण," कौसल्या म्हणाली. "चांगल्या भरलेल्या दोन काढ. रोडक्या नको."

एक माशी तिने मेणाच्या थाळीत पाठ वर करून टोचली आणि उघडली. घाई होती, पण हात घाई जाणत नव्हता. दुसरी तिने नेहमीसारखी ओढली. नळी, अंडवाहिनी, अंडाशयं, एकही धागा न तुटता. मनगट वळायला निघालं. तिने ते उजव्या हाताने धरून ठेवलं आणि सगळं जसं आलं तसंच काचेवर टेकवलं. नळ्यांचा थोडा गुंता झाला. तो देवकीने सुईने सोडवला, आणि तो तिने इतका सुबक सोडवला की कौसल्याने नजर दुसरीकडे वळवली. मत्सर असा एका दिवसात जात नाही.

चार वाजले. व्हरांड्यात चपला वाजल्या. सर आत आले आणि खिडकीकडे वळले.

"सर," कौसल्या म्हणाली, "आज आधी इकडे."

सरांना जरा नवल वाटलं. तिने चौदा वर्षांत त्यांना कधी बोलावलं नव्हतं. ते आले, चष्मा कपाळावर सारला आणि वाकले. कौसल्या त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत उभी राहिली. ते एक अक्षर आज येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी तिने वाट बघितली.

"जोडी उजवीकडे दिसतेय," सर म्हणाले. आवाजात काही संशय नव्हता, उलट थोडी गंमत होती. "पलटवायची विसरलात वाटतं, कौसल्याबाई."

तिचा डावा हात पदराकडे निघाला होता, टोकाला लागलाही होता.

"नाही सर," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा नाही पलटवली."

सरांनी मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला नाही. कौसल्याने पदरातून हात सोडवला आणि पाठ उघडलेल्या माशीची थाळी त्याच हाताने त्यांच्यापुढे सरकवली.